परराज्यात ऑक्युपेशनल थेरपी : परवान्याला खर्च किती?

एकोडीहून साकोलीला आलं की मुंबई-कोलकाता महामार्ग लागतो, आणि त्या रस्त्यानं छत्तीसगडची हद्द नागपूरपेक्षा जवळ पडते. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातून बीओटीएच झालेल्या इथल्या मुलामुलींनी राजनांदगाव-रायपूरच्या नोकरीचा विचार करणं साहजिकच आहे. अडतं ते परवान्यापाशी.

महाराष्ट्रात २००२च्या कायद्यानुसार ऑक्युपेशनल थेरपी व फिजिओथेरपी परिषदेकडे नोंदणी होते. दिल्लीचा असाच कायदा १९९७चा, तिथली नोंदवही वेगळी. २०२१च्या केंद्रीय कायद्यानं मात्र नोंदणीकृत व्यावसायिकाला देशात कुठंही काम करण्याची मुभा दिली. तो लागू करण्यासाठी सर्वोच्च न्यायालयानं ऑगस्ट २०२४मध्ये राज्यांना दोन महिन्यांची मुदत घालून दिली. तरीही रुजू होण्याआधी त्या राज्याच्या परिषदेकडून लेखी विचारून घ्याच : महाराष्ट्राची नोंदणी चालेल, की नवी करावी लागेल? तोंडी उत्तरावर सामान हलवू नका.

नोंदणी शुल्क बदलत असतं. ते परिषदेच्या संकेतस्थळावर त्याच दिवशी पाहा, थेट तिथंच भरा आणि पावती जपून ठेवा. ‘लवकर करून देतो’ म्हणणाऱ्या एजंटाला एक रुपयाही देऊ नका. खिसा खरा रिकामा होतो तो इतर गोष्टींत : गुड स्टँडिंग प्रमाणपत्र, विद्यापीठाची पदवी-पडताळणी, नोटरी, टपाल, फेऱ्या. त्याहून जड पडतात कागद येईपर्यंतचे बिनपगारी दिवस. माझ्या मते दोन महिन्यांचा घरखर्च हाताशी हवा. मूळ नोंदणीची मुदत आधी तपासा. ती संपलेली असली, तर पुढचं सगळं अडतं. नोंदणी नसताना ती असल्याचं सांगणं तर करूच नका. केंद्रीय कायद्यात पहिल्या गुन्ह्यालाच ५०,००० रुपयांपर्यंत दंड आहे.

परदेशी जायचं असेल, तर ३६ पानी पासपोर्टला १,५०० रुपये, पोलीस क्लिअरन्सला ५००, अपॉस्टिलला दर कागदामागे ५० आणि वर एजन्सीचा आकार. अमेरिकेत अनेक राज्यांनी ऑक्युपेशनल थेरपिस्टसाठी परवान्याचा आपसात करार केला आहे. पण त्याचा लाभ सदस्य राज्याचा परवाना आधीच हाती असलेल्यांनाच मिळतो. भारतातून जाणाऱ्याला आधी तिथली राष्ट्रीय परीक्षा द्यावी लागते आणि मग एखाद्या राज्याचा परवाना काढावा लागतो. म्हणून या कराराच्या भरवशावर कर्ज काढू नका.