तेराव्या नंबराची गोष्ट

बीड

चि. पिंट्या,

संघाच्या यादीत नाव आलं नाही म्हणून चार दिवस तू बॉलला हात लावला नाहीस आणि दाजींनी पोलीस भरतीचा विषय काढला की ताटावरून उठतोस, असं ताई फोनवर सांगत होती.

तुझ्या भिंतीवरचा तो लात्व्हियाचा बास्केटबॉलपटू पोर्झिंगिस पंधराव्या वर्षी घर सोडून स्पेनला सेव्हिलच्या क्लबात गेला आणि आपण सतराव्या वर्षीही बीडातच, हे तुझं खरं दुखणं. अरे, त्याचे आईबाप दोघंही बास्केटबॉल खेळलेले. शिवाय 2015 मध्ये खेळाडूंच्या निवडीत न्यूयॉर्कच्या संघानं त्याला चौथ्या क्रमांकावर उचललं, तेव्हा त्याच संघाच्या चाहत्यांनी त्याची हुर्यो उडवली होती. पोस्टरात हे दिसत नाही.

त्यापेक्षा आपल्या आष्टी तालुक्यातल्या मांडव्याकडं बघ. धावपटू अविनाश साबळेचे आईवडील वीटभट्टीवर राबले, त्याची शाळा घरापासून सहा किलोमीटर. बारावीनंतर तो फौजेत गेला तो घराला हातभार म्हणून. पदकाचं नावही नव्हतं. महार रेजिमेंट, सियाचीनचा बर्फ, राजस्थानची वाळू. तुझ्या हिशोबानं त्याचं खेळायचं वय तिथंच सरलं. तो क्रॉसकंट्रीत उतरला 2015 मध्ये, एकविशीत. स्टीपलचेस त्याच्याही नंतर. आणि 2018 ला भुवनेश्वरात त्यानं गोपाल सैनींचा 37 वर्षांचा राष्ट्रीय विक्रम मोडला.

ही स्टीपलचेसची शर्यत एकदा नीट बघ. तीन हजार मीटर, 28 अडथळे, वर पाण्यावरच्या सात उड्या. हर्डलसारखा हा अडथळा आडवा होत नाही. पाय अडकला की माणूसच आडवा. 2019 च्या दोहाच्या जागतिक स्पर्धेत प्राथमिक फेरीतच दुसऱ्यांच्या पडापडीत तो अडकला आणि बाद झाला. आपल्या लोकांनी दाद मागितली, ती मान्य झाली, त्याला अंतिम फेरीत घेतलं. तिथं 8:21.37, नवा राष्ट्रीय विक्रम. नंबर मात्र तेरावा! तेराव्याचा फ्लेक्स आपल्याकडं कुठल्या चौकात लागतो? पण टोकियो ऑलिम्पिकचं दार त्याच वेळेनं उघडलं. बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेतलं रौप्य, हांगझोच्या आशियाई स्पर्धेतलं सुवर्ण ही पुढची गोष्ट.

आता तुझं. निवड करणाऱ्यांवर रागव, माझी ना नाही. पण मागचा सामना मी कडेला उभं राहून पाहिलाय. चौथ्या क्वार्टरला तुझे दोन्ही हात कमरेवर होते आणि तुझा माणूस तुझ्या शेजारून बास्केटखाली गेला. तुझा नेम चांगला आहे रे, दम कमी पडतो. भरतीला 1600 मीटर पळावंच लागतं. त्या पळण्यानं तुझा बास्केटबॉल बिघडणार आहे का? वय बसलं की फॉर्म भर. नोकरी लागली तर पोलिसांच्याही स्पर्धा असतात, संघ असतात.

दाजींशी आधी बोल. आणि ताटावरून उठायचं बंद.

सोमवारी पहाटे साडेपाचला बायपासला ये. तिथं भरतीची पोरं असतातच. मी मोटारसायकलवर मागं असेन. या गुडघ्यांनी तेवढंच जमतं.

तुझा मामा