मुंबई गोदीचा स्फोट : एक पाठ-टिपण

खडकी हे दारूगोळा कारखान्याचे गाव. म्हणून ‘स्फोटके कापसाजवळ ठेवावीत काय?’ या प्रश्नाने तेथील शिक्षकांनी पाठास आरंभ करावा. मग १४ एप्रिल १९४४ ची हकीकत सांगावी. मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ जहाजावर सुमारे १,४०० टन स्फोटके होती. त्याच जहाजात कापसाच्या गासड्याही भरलेल्या होत्या. दुपारी दोनच्या सुमारास धूर दिसला. चार वाजून सहा मिनिटांनी पहिला स्फोट झाला. अर्ध्या तासाने दुसरा. शेकडो माणसे दगावली. त्यांत अग्निशामक दलाचे ६६ जवान होते. दोन तास हाती असूनही परिसर वेळीच मोकळा झाला नाही. धूर दिसताच प्रथम माणसे दूर न्यावीत, हे मुलांच्या मनावर ठसवावे व त्याच दिवशी वर्गातून शिस्तीने बाहेर पडण्याचा सराव घ्यावा.