जुनी बंदूक घेताना

प्रश्न : माझ्याकडे शेतीरक्षणाचा परवाना आहे. गावातले एक निवृत्त गृहस्थ त्यांची बारा बोरची दुनळी विकताहेत. ती चोरीची नाही, हे कसे ओळखावे?

उत्तर : आधी त्यांचा मूळ परवाना मागा; झेरॉक्सवर भागवू नका. परवान्यावरचा युआयएन (विशिष्ट ओळख क्रमांक), बंदुकीची कंपनी आणि तिचा क्रमांक लिहून घ्या. मग बंदूक रिकामी असल्याची खात्री करून ती उघडा, पुढची लाकडी मूठ काढा आणि नळ्यांचे बूड उजेडात धरा. क्रमांक बहुधा तिथे आणि खालच्या लोखंडी भागावरही असतो. दोन्हीकडचा अंक परवान्याशी जुळायला हवा. अंकांवरून नख फिरवा. तिथेच धातू खोलगट, गुळगुळीत लागला तर क्रमांक घासल्याचा संशय घ्या आणि सौदा सोडा. क्रमांक खोडलेली बंदूक सापडली, तर शस्त्र अधिनियमाच्या कलम 8 नुसार तो तुम्हीच खोडला असे गृहीत धरतात. निरपराधित्व सिद्ध करायचे तुम्ही!

खरी चाळणी मात्र सरकारी. कलम 5 प्रमाणे विकणाऱ्याने जिल्हादंडाधिकारी किंवा जवळच्या ठाण्याला लेखी कळवून किमान 45 दिवस थांबायचे असते. लोकांना हा काळ जाचक वाटतो. मला तो ग्राहकाचा मित्र वाटतो. त्या लेखी सूचनेची पोच पाहिल्याशिवाय विसारही देऊ नका. ‘आधी घेऊन जा, कागद मागून करू’ म्हणणाऱ्याकडचा चहा प्या आणि घरी या. तुमच्या परवान्यावर या बंदुकीची जागा आहे का, तेही तहसील कचेरीत नव्हे, जिल्हाधिकारी कार्यालयाच्या शस्त्र परवाना शाखेत विचारा.