मरळीचा गळ आणि लाकडी नावेची निगा

प्रश्न : खेकरानाला जलाशयात मरळ धरण्यास दोर कसा असावा? लाकडी नावेची निगा कशी राखावी?
— एक वाचक, सावनेर

उत्तर : मरळ हा पाणवनस्पतींच्या आश्रयाने दबा धरणारा, तीक्ष्णदंती मासा असल्यामुळे, त्याला गवतातून ओढून काढू शकेल असा जाड दोर व मजबूत गळ इष्ट होय, नायलॉनचा दोर मात्र सूर्यप्रकाशाने क्षीण होतो, सबब तो सावलीत ठेवावा. नावही भर उन्हात वाळवू नये, फळ्या तडकतात. छायेत सुकवून, सांध्यांत तेल-राळेत भिजविलेला कापूस ठासून, मगच तळास डांबर द्यावे. जलाशयाचा ठेका मत्स्यसंस्थेकडे असल्यास तिची इजाजत आधी घ्यावी. पावसाळ्यात मरळीच्या तांबूस पिलांच्या थव्याभोवती मायबाप पहारा देत असतात, तेथे गळ कदापि टाकू नये, ही माझी कळकळीची विनंती. रक्षणकर्ते गेले की ती पिले इतर माशांच्या भक्ष्यस्थानी पडतात.