‘मला मोबाईल जमत नाही’ ही तक्रारही तपासून घ्या

साठी ओलांडलेल्या रुग्णांकडून अलीकडे एक तक्रार वरचेवर कानावर येते. ‘डॉक्टर, त्या मोबाईलमधलं मला काही जमत नाही.’ सोबत आलेली नातवंडे हसतात आणि विषय तेथेच संपतो. पण बँक, पेन्शन, रेशन, रुग्णालयाचे कार्ड अशी रोजची कामे आता मोबाईल आणि अंगठ्याच्या यंत्राशी जोडली गेली आहेत. ज्याला ती वापरता येत नाहीत, तो गावात राहूनही हळूहळू गावाबाहेर पडतो. म्हणून आज या तक्रारीकडे वैद्यकीय दृष्टीने पाहू.

याचा धडा आपल्याला २०२१ साली मिळाला. १ मे रोजी १८ ते ४४ वर्षे वयाच्या लोकांसाठी कोरोनाची लस खुली झाली, तेव्हा आधी कोविनवर नोंदणी करणे सक्तीचे होते. ज्यांच्याकडे चांगला फोन आणि वेगवान इंटरनेट होते त्यांना आधी वेळ मिळाली. शहरातली मंडळी खेड्यातल्या केंद्रावर येऊन लस घेऊन गेली आणि गावकरी पाहत राहिले, असेही घडले. २४ मेपासून सरकारी केंद्रांवर जागेवरच नोंदणी करण्यास मुभा मिळाली. सर्वोच्च न्यायालयानेही ३१ मेच्या आदेशात या विषमतेकडे लक्ष वेधले. त्या सुमाराच्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९-२१) इंटरनेट कधीतरी वापरलेल्या स्त्रिया ३३ टक्के आणि पुरुष ५७ टक्के आढळले होते. म्हणजे घरातल्या घरातही दरी आहेच.

फोन नसणे आणि शिक्षण नसणे ही कारणे खरीच. परंतु माझ्या अनुभवात ‘जमत नाही’ यामागे पुष्कळदा शरीराचे कारण असते, आणि त्यावर बहुधा उपाय असतो.

डोळे : चाळिशीनंतर जवळचे दिसणे कमी होते. मोतीबिंदू असल्यास पडद्याच्या उजेडाने डोळे दिपतात आणि अक्षरे पुसट होतात. आधी डोळे तपासून घ्यावेत. मग फोनमधील अक्षरे मोठी करावीत. मजकूर मोठ्याने वाचून दाखवण्याची सोयही बहुतेक स्मार्टफोनमध्ये असते. अंध व्यक्ती तिच्या मदतीने फोन सफाईने वापरतात.

कान : वयोमानाने बारीक, उंच स्वर आधी ऐकू येईनासे होतात. त्यामुळे ‘स’, ‘फ’, ‘थ’ अशी अक्षरे निसटतात. ‘आवाज येतो, पण शब्द कळत नाहीत’ अशी ही तक्रार असते. फोनवर समोरच्याचे ओठ दिसत नाहीत, त्यामुळे ती वाढते. असा माणूस फोन घेणे टाळतो, मग बोलणेच टाळतो. कानात मळ आहे का ते प्रथम पाहावे. नंतर श्रवणचाचणी करून गरज असल्यास श्रवणयंत्र घ्यावे. व्हिडिओवर बोलल्यास पुष्कळांना सोपे जाते.

बोटे : स्मार्टफोनच्या काचेला त्वचेतील ओलाव्यामुळे स्पर्श कळतो. कोरड्या, घट्टे पडलेल्या बोटाची तिला नीट जाणीव होत नाही. शेती, सिमेंट, धुणीभांडी यांत बोटांवरच्या रेषा झिजतात आणि अंगठ्याचे यंत्र माणसाला ओळखत नाही. रोज रात्री हाताला खोबरेल तेल चोळावे. यंत्रावर बोट ठेवण्यापूर्वी हात धुऊन पुसावेत. अंगठा चालला नाही तर दुसरी बोटे लावून पाहावीत. त्वचेला भेगा किंवा खाज असल्यास उपचार घ्यावेत.

माझ्याकडे आलेल्या सत्तरी ओलांडलेल्या एका शेतमजूर बाईंच्या पायांवर सूज होती आणि दोन पावलांत धाप लागत होती. अंगठा उमटत नसल्याने कार्ड झाले नव्हते आणि कार्ड झाल्यावरच मोठ्या रुग्णालयात न्यायचे, असे घरच्यांनी ठरवले होते. हृदयाचा आजार कार्डासाठी थांबत नाही. त्यांना त्याच दिवशी पाठवले. कार्ड मागाहून डोळ्याच्या यंत्रावर निघाले.

हे प्रत्येक घराने ध्यानात ठेवावे. छातीत दुखणे, धाप, बेशुद्धी, अंगाची एक बाजू लुळी पडणे यांत आधी रुग्णालय गाठावे आणि कागद नंतर पाहावेत. योजनेत असलेल्या रुग्णालयात आरोग्यमित्र असतो, त्याला भेटावे. २९ ऑक्टोबर २०२४ पासून सत्तर व त्यापुढील वयाच्या सर्वांना, उत्पन्न न पाहता, आयुष्मान योजनेत वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतच्या उपचारांची सोय आहे. ओळख पटवण्यासाठी अंगठ्याखेरीज ओटीपी, डोळ्याची बुबुळे आणि चेहरा हे मार्ग आहेत. ते मागून घ्यावेत. प्रकृती बरी असतानाच कार्ड काढून ठेवणे सर्वांत शहाणपणाचे.

तंत्रज्ञानाने दारे बंद होतात तशी उघडतातही. एप्रिल २०२० मध्ये सुरू झालेल्या ई-संजीवनी सेवेमुळे घरबसल्या डॉक्टरांचा सल्ला मिळतो. मनाच्या त्रासासाठी १४४१६ आणि रुग्णवाहिकेसाठी १०८ हे क्रमांक साध्या फोनवरूनही लागतात. ते ठळक अक्षरांत भिंतीवर लिहून ठेवावेत.

शेवटी घरच्यांना दोन शब्द. आजीचा फोन हिसकावून ‘मी करून देतो’ म्हणू नका. शेजारी बसा, तिच्या बोटाने करू द्या, रोज एकच गोष्ट शिकवा. ओटीपी फोनवर परक्या माणसाला सांगायचा नाही, हे आधी शिकवा. फसवणूक झालीच तर १९३० वर ताबडतोब कळवा. डॉक्टरांशी फोनवर बोलताना बाईमाणसाला थोडा एकांत द्या. नवरा किंवा मुलगा शेजारी उभा असला, तर अंगावरून जाण्यासारखी तक्रार ती सांगत नाही आणि आजार तसाच वाढत राहतो.