जाळीला टेकून उभ्या असलेल्या आईबाबांशी

परवा नेट संपल्यावर एक बाबा माझ्याकडे आले. जरा नाराजच होते. म्हणाले, "सर, आमचा मुलगा गेल्या महिन्यात काय सुंदर ड्राइव्ह मारत होता! आता दर दुसरा बॉल चुकतोय. मागे पडलाय का?"

गेल्या महिन्यात मी त्याला सलग चाळीस चेंडू एकाच टप्प्यावर टाकत होतो. दहा-बारा चेंडूंनंतर तो चेंडू बघतच नव्हता, आधीचा फटका पुन्हा मारत होता. दिसायला छान दिसायचं, तुम्ही व्हिडिओही काढलात. आता मी एक आखूड, एक पुढे, एक पायांवर असे मिसळून टाकतो. दर वेळी त्याला नव्यानं ठरवावं लागतं, म्हणून चुका वाढल्या. सामन्यात तरी कोणता गोलंदाज एकाच जागी चाळीस चेंडू टाकून देणार आहे?

हे माझ्या मनचं नाही. १९७८ साली केर आणि बूथ या दोन संशोधकांनी आठ वर्षांच्या मुलांना खाली ठेवलेल्या लक्ष्यावर दाणे भरलेल्या छोट्या पिशव्या फेकायला लावल्या. एका गटानं सगळा सराव तीन फुटांवरून केला. दुसऱ्यानं दोन आणि चार फुटांवरून केला, तीन फुटांवरून एकदाही नाही. परीक्षा मात्र तीन फुटांवरची घेतली, आणि दुसरा गट सरस ठरला. अर्थात, हातात पहिल्यांदा बॅट धरलेल्या पोराला सुरुवातीला एकच गोष्ट घोटून घ्यावी लागते, तेव्हा तेच करतो. पण कायम तेच करत राहिलो, तर तुम्ही खूश आणि मूल जागच्या जागी!

आता तुमच्या "कोपर वर! अरे, कोपर वर!"बद्दल. चेंडू यायच्या क्षणी मुलाचं लक्ष स्वतःच्या कोपरावर गेलं की त्याची जमलेली हालचालही आखडते. गॅब्रिएल वुल्फ या संशोधक बाईंनी यावर वर्षानुवर्षं काम केलंय. लक्ष शरीराच्या अवयवावर ठेवण्यापेक्षा हालचालीतून बाहेर काय घडायला हवं, त्यावर ठेवलं तर कौशल्य बहुधा लवकर बसतं. म्हणून मी "कोपर" म्हणत नाही, "चेंडू त्या झाडाच्या बुंध्याकडे घालव" म्हणतो. कोपर बहुतेक वेळा आपोआप वर येतं. जिना उतरताना तुम्ही प्रत्येक पायरीवर गुडघ्याचा विचार करून पाहा, म्हणजे कळेल.

एक गोष्ट मात्र खरंच काळजीनं सांगायची आहे. सातवी ते नववीतली मुलं अचानक उंच होतात. मुलींचा हा काळ साधारण बाराव्या वर्षाच्या आसपास येतो, मुलांचा चौदाव्या, आणि त्या भरात वर्षाला आठ-दहा सेंटिमीटरही उंची वाढते. हातपाय लांबले, पण डोक्यातला हिशेब जुन्याच मापाचा. मग काल सहज झेल घेणारी पोरगी आज चेंडूखाली पोचते आणि तो तिच्या बोटांवरून निसटतो. तिला "लक्ष कुठंय तुझं?" असं विचारू नका. घरातल्या दारावर तिच्या उंचीच्या खुणा केल्या असतील, तर आधी त्या बघा. हाडं भराभर वाढतात, स्नायू आणि कंडरा त्यांच्या मागे ताणल्या जातात. गुडघ्याच्या वाटीखाली, हाडाच्या उंचवट्यावर बोट ठेवल्यावर दुखत असेल, किंवा टाच दुखून मूल चवड्यावर चालत असेल, तर ते नाटक नाही. तिथे हाड अजून कूर्चेचं आहे आणि स्नायू त्याला ओढतोय. अशा वेळी बाम चोळून मैदानात धाडू नका. उड्या आणि धावणं कमी करू या, डॉक्टरांना दाखवू या. पोराची टीममधली जागा मी राखून ठेवीन.

उरलेलं तुम्हाला ठाऊक आहेच. जागतिक आरोग्य संघटना ५ ते १७ वर्षांच्या मुलांना रोज सरासरी ६० मिनिटं दम लागेल असं खेळायला सांगते. त्यात लगोरीही चालते आणि खो-खोही, फी भरलेलीच अकॅडमी लागते असं नाही. आठवड्यात एक दिवस पूर्ण सुट्टी हवी. आणि झोप! दहावीच्या मुलालाही आठ ते दहा तास लागतात. दिवसभर घोटलेली हालचाल पक्की व्हायला रात्रीची झोपही हातभार लावते. रात्री साडेदहापर्यंत क्लास आणि पहाटे पाचला ग्राउंड असेल, तर यातलं एक आपण मिळून कमी करू. मी ग्राउंड सोडायला तयार आहे.

येत्या शनिवारी साडेसहाला या. पाण्याची बाटली आणि दोन केळी पिशवीत द्या, मुलाला गेटवर सोडा आणि समोरच्या टपरीवर बसून निवांत चहा घ्या. आठ वाजता न्यायला आलात की फक्त एवढंच विचारा, "मजा आली का?"