जोडसुट्टीतील थंडी आणि हवामानाचा अंदाज : जासईचे उदाहरण

रायगड जिल्ह्याच्या उरण तालुक्यातील जासई हे गाव नवी मुंबई प्रकल्पाच्या क्षेत्रात, न्हावा-शेवा बंदराकडे जाणाऱ्या रस्त्यांच्या गुंत्यात वसलेले आहे. जानेवारी महिना येथे विशेष वर्दळीचा असतो. जमिनीच्या योग्य मोबदल्यासाठी भूमिपुत्रांनी केलेल्या आंदोलनात १६ व १७ जानेवारी १९८४ रोजी ५ जण हुतात्मा झाले. त्यांच्या स्मृतिदिनी परिसरातील गावांतून लोक एकत्र येतात. पाठोपाठ प्रजासत्ताक दिन येतो. २०२६ मध्ये तो सोमवारी आला आणि शनिवार-रविवार धरून सलग तीन दिवसांची सुट्टी लाभली. अशा सुट्टीत पहाटे शाळेची प्रभातफेरी, दिवसा ग्रामसभा, सायंकाळी हळदीकुंकू आणि रात्री शेतावर वालाच्या शेंगांची पोपटी, असा कार्यक्रमांचा भरगच्च क्रम असतो. त्यातील बहुतेक उघड्यावर होत असल्यामुळे हवा कशी राहील, हा प्रश्न केवळ कुतूहलाचा राहत नाही.

या प्रश्नाचे उत्तर शोधताना बहुधा मुंबईच्या तापमानाकडे पाहिले जाते. परंतु मुंबईचे तापमान एक नसून दोन आहेत. कुलाबा आणि सांताक्रूझ अशा दोन वेधशाळा आहेत. कुलाब्याला तीन बाजूंनी समुद्राचा वेढा असल्यामुळे तेथील रात्र उबदार असते. जानेवारीतील सरासरी किमान तापमान तेथे सुमारे १९ अंश सेल्सिअस, तर सांताक्रूझला सुमारे १७ अंश असते. २२ जानेवारी १९६२ रोजी सांताक्रूझचा पारा ७.४ अंशांपर्यंत उतरला, तेव्हा कुलाब्याला ११.७ अंशांची नोंद झाली. एकाच शहरात एकाच रात्री चार अंशांहून अधिक फरक पडला, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. जासई खाडीपासून दूर नसले तरी खुल्या समुद्राच्या काठी नाही. म्हणून येथील ग्रामस्थांनी कुलाब्यापेक्षा सांताक्रूझचा आकडा जवळचा मानणे श्रेयस्कर. जिल्ह्याचा म्हणून दिला जाणारा अंदाजही सावधपणे वाचावा, कारण रायगडात श्रीवर्धनचा किनारा येतो तसे माथेरानचे पठारही येते.

वेधशाळेतील तापमापक जमिनीपासून सव्वा मीटरच्या आसपास, झडपांच्या पांढऱ्या पेटीत, सावलीत ठेवलेला असतो. निरभ्र आणि निर्वात रात्री उघडी जमीन आपली उष्णता झपाट्याने आकाशात सोडते आणि तिच्या लगतची हवा पेटीतील हवेपेक्षा काही अंशांनी अधिक थंड होते. पटांगणात मांडी घालून बसलेल्या मुलांना जाणवणारी थंडी ही या थराची असते.

ही थंडी येते कोठून? हिवाळ्यात भूमध्य समुद्राकडून निघणारे पश्चिमी झंझावात काश्मीर व हिमाचल प्रदेशात हिमवृष्टी करून पूर्वेकडे सरकतात. त्यांच्यामागून उत्तरेचे कोरडे वारे राजस्थान आणि गुजरातवरून उत्तर कोकणात उतरतात व किमान तापमान एक-दोन दिवसांत खाली येते. तेव्हा सिमल्याच्या बर्फाची वार्ता ऐकू आली की जासईकरांनी स्वेटर शोधावयास हरकत नाही. याउलट वारे पूर्वेचे राहिले आणि दुपारचा समुद्रवारा उशिरा सुटला, तर ऐन जानेवारीतही दुपारी पारा ३४-३५ अंशांवर जातो. पहाटे शाल आणि दुपारी पंखा, हे कोकणच्या हिवाळ्याचे खरे रूप आहे. ‘थंडीची लाट’ हा शब्दही येथे वेगळ्या मापाने वापरला जातो. मैदानी प्रदेशात त्यासाठी किमान तापमान १० अंश किंवा त्याखाली जावे लागते. किनारी केंद्रांसाठी ते १५ अंश वा कमी आणि सरासरीहून किमान साडेचार अंशांनी खाली असणे पुरेसे मानले जाते. निफाडच्या आकड्याशी तुलना करून किनाऱ्यावरील थंडीला हसणे म्हणूनच योग्य नव्हे.

तथापि, जासईच्या दृष्टीने थंडीपेक्षा धुक्याचा प्रश्न अधिक गंभीर आहे. रात्री जमिनीलगतची हवा थंड आणि वरची त्या मानाने उबदार राहिली म्हणजे झाकण बसल्यासारखी स्थिती होते. वाहनांचा धूर, रस्त्याची धूळ आणि पेंढा पेटवून केलेल्या पोपटीचा धूरही मग वर न जाता खालीच साचतो. त्यात खाडीचा दमटपणा मिसळतो. दृश्यमानता १,००० मीटरांपेक्षा कमी झाली की हवामानशास्त्र त्यास धुके म्हणते आणि २०० मीटरांखाली गेल्यास दाट धुके. गावालगतच्या रस्त्यांवरून बंदराकडे कंटेनरवाहू अवजड वाहने धावत असतात. जवळच चिर्ले येथे १२ जानेवारी २०२४ रोजी उद्घाटन झालेल्या अटल सेतूची वाहतूक उतरते. किमान तापमानाची आणि बहुधा सर्वांत दाट धुक्याची वेळ सूर्योदयाच्या आसपासची असते. २२ डिसेंबरनंतर दिवस मोठा होऊ लागतो खरा; पण सूर्योदय मात्र जानेवारीच्या मध्यापर्यंत लांबतच जातो आणि प्रजासत्ताक दिनी तो सव्वासातच्या सुमारास होतो. पावणेसातला निघालेली प्रभातफेरी अंधारात, धुक्यात आणि ट्रेलरच्या रस्त्यावर निघालेली असते, हे मुख्याध्यापकांनी विसरू नये.

अंदाजातील शब्द ठरीव अर्थाचे असतात. ‘तुरळक ठिकाणी पाऊस’ म्हणजे हलका पाऊस नव्हे. त्या विभागातील पाव किंवा त्याहून कमी केंद्रांवर तो पडण्याची शक्यता आहे, एवढाच त्याचा अर्थ. ‘काही ठिकाणी’ म्हणजे निम्म्यापर्यंत, ‘बऱ्याच ठिकाणी’ म्हणजे पाऊण हिश्शापर्यंत. ज्या गावावर तो पडेल तेथे तो जोरदारही असू शकतो.

हिवाळ्यात पाऊस कसला, असे म्हणणाऱ्यांनी ‘ओखी’ चक्रीवादळ आठवावे. ५ डिसेंबर २०१७ रोजी मुंबई महानगर प्रदेशासह रायगड जिल्ह्यातील शाळांना सुट्टी द्यावी लागली. केरळ-तामिळनाडूकडील अनेक मासेमारी नौकांनी देवगड बंदराचा आसरा घेतला. दुसऱ्या दिवशीच्या महापरिनिर्वाण दिनासाठी दादरला जमलेल्या अनुयायांची सोय पावसामुळे शाळांमधून करावी लागली. वादळ किनाऱ्यावर येण्यापूर्वी क्षीण झाले, म्हणून मोठी हानी टळली. अशा अवेळी पावसाने किंवा नुसत्या ढगाळ हवेनेही आंब्याच्या मोहोरावर तुडतुडे व भुरी आणि वालावर मावा वाढतो. उरणच्या मिठागरांतील मीठ विरघळते ते वेगळेच.

सुट्टीचे नियोजन करणाऱ्या ग्रामपंचायतीने आणि शाळेने तीन टप्प्यांत अंदाज पाहावा. भारतीय हवामानशास्त्र विभाग दर गुरुवारी पुढील दोन आठवड्यांचा विस्तारित अंदाज देतो. त्यावरून केवळ कल समजतो, मंडपाची जागा ठरविण्यास तो पुरे. सुट्टीच्या आदल्या सायंकाळी जिल्ह्याचा इशारा व त्याचा रंग पाहावा. पिवळा रंग लक्ष ठेवण्यास सांगतो, नारिंगी तयारीत राहण्यास, तर लाल प्रत्यक्ष कृती करण्यास. प्रत्यक्ष पहाटे तीन तासांपुरता तात्कालिक अंदाज पाहावा, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे कोणीतरी रस्त्यावर जाऊन २०० मीटरांवरचा विजेचा खांब दिसतो की नाही, हे पाहून यावे.

खांब दिसत नसेल, तर फेरी पुढे ढकलण्यात शासकीय अडचण कोणतीही नाही. प्रजासत्ताक दिनाचा मुख्य शासकीय ध्वजवंदन समारंभ सकाळी ९.१५ वाजता होतो आणि साडेआठ ते दहा या वेळेत अन्य कार्यक्रम न ठेवता ते साडेआठपूर्वी किंवा दहानंतर करावेत, अशी सूचना असते. दहानंतर ऊन आलेले असते, धुके विरलेले असते आणि पहिलीतल्या मुलाचा पांढरा सदरा ट्रेलरच्या चालकाला दुरूनही दिसतो.